नवव्या चेहऱ्याची पावडर

आरसेमामांच्या सलूनमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला वाटे की मागच्या भिंतीवरचा दुसरा आरसा मानेवरचे केस दाखवायला आहे. तसा तो होताही. पण लावला होता बाकावर खोळंबलेल्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला. पुढच्या आरशात खुर्चीतला माणूस, मागच्यात बाकावरचे चौघे, आणि दाराच्या काचेतून समोरच्या कोर्टाच्या पायऱ्या. एका जागी उभं राहून मामा सगळं जग डोळ्यांखालून घालत. नाव त्यावरूनच पडलं, आणि असं चिकटलं की खरं नाव फक्त दुकानाच्या परवान्यावर उरलं.

संशयाला औषध नाही म्हणतात. मामांना तर औषध नकोच होतं, दुखणं त्यांना मानवलं होतं. रात्री दुकान बंद करताना ते ब्लेड मोजत. तेलाच्या बाटलीवर पेन्सिलीने रेघ ओढत. एकदा मामींनी गंमत म्हणून ती रेघ खोडून बोटभर खाली ओढली, तर तेल वाढलं कसं या विचारात मामांची दोन दिवस झोप उडाली. "चोरणारा एक वेळ समजतो," ते म्हणाले, "पण गुपचूप भरून ठेवणारा? त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच." मामी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

अशा माणसाला कोर्टाने हाताशी धरावं, हा एक योगच. कोर्टाच्या मागच्या अंगाला एक बिनखिडक्यांची खोली होती. तिथे ओळखपरेड होई. चोरी, मारामारी, जे काही झालं असेल ते ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला तिथे आणायचं, नऊ माणसांच्या रांगेसमोर उभं करायचं आणि विचारायचं, यातला कोण? नवांपैकी एक आरोपी, बाकीचे आठ रस्त्यावरून गोळा केलेले, साधारण त्याच वयाचे, त्याच अंगकाठीचे. पण आठवडाभर कोठडीत राहिलेला माणूस आणि बाजारातून उचलून आणलेला माणूस सारखे कसे दिसणार? तिथे मामा लागत. सगळ्यांची दाढी करायची, केस एका वळणाचे कापायचे, आरोपीच्या हनुवटीवर व्रण असला तर नवांच्याही हनुवटीला चिकटपट्टी लावायची, आणि शेवटी सगळ्यांच्या तोंडावर पावडर. सोळा वर्षं मामा हे काम करत होते.

हे सगळं बघायला कोर्टाचे मोठे कारकून असत. वाळलेला माणूस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आवाज कायम बसलेला. मामा एकदा बोलून गेले, "साहेब, गुन्हेगार आणलाय का?" तर कारकुनांनी तिथल्या तिथे झापलं.

"गुन्हेगार नाही, आरोपी. तो गुन्हेगार आहे का हे अजून कोणाला माहीत नाही. पोलिसांना नाही, मला नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. आपलं काम एवढंच, की या नवांत कोणी उठून दिसता कामा नये."

"पण साहेब, पोलीस काय उगाच धरतात?"

"शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. ऐकलंय का कधी?"

ऐकलं होतं की. मामांनी मान डोलावली आणि मनात म्हणाले, साहेब राहतात सरकारी वसाहतीत, फाटकावर पहारा. ते शंभर सुटून येणार आमच्या गल्लीत. प्रत्येक परेडीच्या वेळी ते मनातल्या मनात आपला चोर ठरवून टाकत आणि आपण कधीच चुकलो नाही असं मामींना सांगत. पुढे खटल्यात काय झालं याची चौकशी मात्र त्यांनी कधी केली नाही. निकाल आधीच लागलेला असला की चौकशीला जातो कोण?

तर त्या सकाळी नववा माणूस आत आणला आणि मामांच्या हातातला ब्रश थांबला. तो रंगारी होता. दीड वर्षापूर्वी यानेच मामांच्या दुकानाला रंग दिला होता, आणि त्याच आठवड्यात मामांच्या वडिलांचा हस्तिदंती मुठीचा वस्तरा नाहीसा झाला होता. मामांनी तक्रार केली नाही, पुरावा नव्हता. पण पुरावा लागतो तो कोर्टाला. मामांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता आणि तिथे दीड वर्ष मुक्काम ठोकला होता.

गुन्हा सगळ्या पेठेला ठाऊक होता. निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरात भरदुपारी कोणीतरी शिरलं, बाईंना ढकललं, कपाटातले दागिने घेऊन पळालं. बाईंचं मनगट मोडलं. आणि शेजारच्या इमारतीला हाच रंगारी रंग देत होता. मामांना आणखी काय हवं?

आठ जणांची तयारी झाली होती. नवव्याची दाढी केली, हनुवटीला चिकटपट्टी लावली. वस्तरा गळ्यावरून फिरताना रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले होते. बघा, नजर देत नाही, मामा मनात म्हणाले. वास्तविक गळ्याशी वस्तरा असताना डोळे कोणीही मिटतो, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मग त्यांनी पावडरीची डबी उचलली, आणि झाकण न उघडताच पेटीत टाकली.

रंगाऱ्याने रांगेकडे पाहिलं. "मामा, मला पावडर नाही लावली."

"संपली," मामा म्हणाले.

तेवढ्यात दंडाधिकारी आले म्हणून धावपळ झाली. मोठ्या कारकुनांनी रांगेवरून नजर फिरवली, पण छताचा मोठा दिवा साक्षीदार आत आल्यावरच लावायची पद्धत होती. मामा पेटी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. शिक्षिकाबाई आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. ओळख पटली होती.

मामा घरी आले आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढच्या शनिवारी ते नेहमीप्रमाणे शिक्षिकाबाईंच्या घरी गेले. बाईंचे यजमान, मास्तर, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांची दाढी करायला मामा दर शनिवारी जात. मास्तरांच्या गालाला फेस लावला जात होता आणि बाई प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या.

"ओळखलं हो मी त्याला," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मुलांना काय शिकवलं? गटात न बसणारा शब्द ओळखा. आठ जण एकसारखे आणि हा एकटा वेगळा. दिवा लागल्याबरोबर दिसला."

मामांचा हात हलका झाला. "वेगळा म्हणजे कसा, बाई?"

"तोंड नुसतं चकाकत होतं घामाने. बाकीचे कसे कोरडे ठक्क! खाई त्याला खवखवे, दुसरं काय?"

मामांच्या मनात पाल चुकचुकली. आयुष्यात पहिल्यांदाच ती दुसऱ्या कोणावर चुकचुकली नव्हती. त्या खोलीत वारा नाही. घाम नवांनाही आला असणार, पण आठ जणांचा पावडरीने प्यायला.

"आणि त्या दुपारी पाहिलेला चेहरा हाच होता ना?" त्यांनी जपून विचारलं.

बाईंनी प्लास्टराची कड चाचपली. "खरं सांगू? आता त्या दुपारचं आठवायला गेलं की हाच चेहरा दिसतो. आधी कोणता दिसायचा ते आठवत नाही."

मास्तरांच्या गालावर त्या दिवशी बारीकशी रेघ उमटली. चाळीस वर्षांच्या धंद्यात मामांच्या हातून रक्त निघण्याची ती दुसरी वेळ.

त्यानंतरचे दिवस मामांना फार जड गेले. कोर्टाच्या पायरीवर रंगाऱ्याची बायको येऊन बसे. नवऱ्याला तारखेला आणलं की दोन मिनिटं बघायला मिळे, पण ती तारीख नसतानाही येई. खालून तिसऱ्या पायरीवर, मांडीवर डबा घेऊन. खुर्चीत गिऱ्हाईक असो नसो, मामांना ती दिसायचीच. त्यांनी दाराला पडदा लावून पाहिला. मग वाटलं, पडद्याआड ती काय करत असेल? पडदा काढला.

"तुम्ही जेवत का नाही?" मामींनी एक दिवस विचारलंच.

मामांनी सगळं सांगितलं. मामींनी ताट बाजूला सारलं. "त्याने वस्तरा नेला असेलही," त्या म्हणाल्या. "पण वस्तरा नेला म्हणून त्याने बाईंचा हात मोडला, हे कुठलं गणित?"

"आणि त्यानेच मोडला असेल तर? मी बोललो आणि एक खरा चोर सुटला तर?"

"मग तो सुटल्याचं पाप पोलिसांचं, त्यांनी नीट शोधलं नाही म्हणून. तो अडकला तर मात्र तुमचं."

दुसऱ्या दिवशी मामा मोठ्या कारकुनांपुढे जाऊन उभे राहिले. ऐकता ऐकता कारकुनांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले.

"त्या खटल्यात ओळखपरेड सोडली तर पुरावा काही नाही," ते म्हणाले. "दागिने मिळाले नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. तुम्ही हे बोललात तर परेड गेली, परेड गेली तर खटला गेला. माझी नोकरीही थोडी हलेल, कारण रांग तपासायची होती मी. तुमचं काम तर बंदच."

"मग गप्प बसू?"

"तसं मी म्हटलं का?" कारकून एकदम खेकसले. मग बसक्या आवाजात म्हणाले, "मला हे आधी का कळलं नाही याचा राग येतोय. आरोपीच्या वकिलांना भेटा. साक्ष द्या."

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. मामा पिंजऱ्यात उभे राहिले. इथे आरसा नव्हता, पाठीमागे कोण काय करतंय ते कळत नव्हतं, आणि मान तर चहूबाजूंनी उघडी. पावडरीची हकिगत त्यांनी एका दमात सांगितली. मग सरकारी वकील उठले.

"आरोपीच्या बायकोने तुम्हाला काय दिलं?"

"काही नाही. मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. लाज वाटायची."

"पाच महिने गप्प होतात. आजच बरा उमाळा आला?"

"धीर नव्हता, साहेब."

"म्हणजे आरोपी निर्दोष आहे, अशी तुमची खात्री पटली?"

"नाही."

आरोपीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"मग तुम्हाला वाटतं तरी काय त्याच्याबद्दल?" सरकारी वकील हसत म्हणाले.

"मला वाटतं, माझ्या वडिलांचा वस्तरा त्याने चोरला."

लोक फिदीफिदी हसले. रंगारी एकदम उभा राहिला. "कुठला वस्तरा?" तो ओरडला. शिपायाने त्याला खाली बसवलं. मामांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. सोळा वर्षं चेहरे वाचणाऱ्या माणसाला तो चेहरा वाचता येईना. खरंच माहीत नव्हतं, की सोंग होतं?

"ते मला वाटतं," मामा न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. "पण डबी अर्धी भरलेली होती आणि मी संपली म्हणालो, हे मला माहीत आहे. मला जे वाटतं त्यापायी माणूस आत जाऊ नये, एवढंच सांगायला आलोय."

शिक्षिकाबाईंना पुन्हा बोलावलं. त्या बराच वेळ रंगाऱ्याकडे पाहत राहिल्या. "हाच असेल," त्या म्हणाल्या, आणि मग रडायला लागल्या. "नसेलही. मला आता काही सांगता येत नाही."

रंगारी सुटला. बाईंचा चोर सापडला नाही तो नाहीच. त्यानंतरच्या शनिवारपासून मास्तरांची दाढी करायला दुसरा माणूस जाऊ लागला. बाई मामांना रस्त्यात दिसल्या तर पदपथ बदलत, आणि त्यांचं काही चुकत होतं असं म्हणवत नाही. मोडलेला हात त्यांचा होता. परेडीचं काम गेलं. पेठेत मामांकडे बघून लोक कुजबुजत. कोणी म्हणे, रंगाऱ्याने गुपचूप तोंड गोड केलं. कोणी म्हणे, दोघांचं आधीपासून साटंलोटं. बाकावरची गिऱ्हाइकं आता मागच्या आरशातून मामांकडे बघत, आणि नजरेला नजर भिडली की मासिकात डोकं घालत.

महिनाभराने एका दुपारी दार उघडलं आणि रंगारी आत आला. वाळला होता. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तो सरळ खुर्चीत जाऊन बसला. मामांनी गळ्याभोवती कापड बांधलं. फेस लावला आणि वस्तरा फिरवायला घेतला. याही वेळी रंगाऱ्याचे डोळे मिटलेले होते. मामांनी डबी उघडली, पावडर लावली, जरा जास्तच लावली.

"झालं," मामा म्हणाले.

रंगारी उठला, दाराशी गेला आणि थांबला. पाठ मामांकडे, तोंड रस्त्याकडे. त्याने दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत वर केले, पाय थोडे फाकवले आणि तसाच उभा राहिला. मामांना वाटलं, टोमणा मारतोय. मारू दे, आपलंच चुकलंय. मग दाराच्या काचेत त्यांना त्याचा चेहरा दिसला. तो चेहरा वाट बघत होता, कंटाळलेला, सवयीचा. पाच महिने कोठडीच्या प्रत्येक दारातून बाहेर पडताना त्याची झडती झाली होती. दार आलं की हात आपोआप वर जात होते. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाही कळलेलं नव्हतं.

दुकानातून जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यावी, असं मामांना चाळीस वर्षं मनातून वाटत आलं होतं.

ते पुढे झाले. त्यांनी रंगाऱ्याचा एक हात धरून खाली केला, मग दुसरा.

"जा बाबा," ते म्हणाले. "दार उघडंच आहे."