पायानं दाब

हे मी हिराला सांगितलं नाही, आणि हिराला जाऊन आता वर्ष होत आलं. बायकोला नाही ते दुसऱ्या कुणाला कशाला सांगू? आज तुम्हाला सांगतो. चौथी शिकलेला माणूस, मांडून सांगायला जमायचं नाही.

भुसावळहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो, रेल्वेच्या क्वार्टरात. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. भिंतीला भिंत लागून रहमतचं घर. माझ्याबरोबरच रेल्वेत खलाशी, म्हणजे ओझी उचलायची, मिस्त्रीच्या हाताखाली राबायचं. हिराला भाभीजी म्हणायचा, तिच्याकडून पिठलं मागून खायचा. गणपती आम्ही गावाहून गाडीत मांडीवर घेऊन यायचो, आणि विसर्जनाला पाण्यात उतरायचा रहमत — कारण मला पोहता येत नाही. हिरानं त्याच्यापुरताही प्रसाद बाजूला काढलेला असायचा.

पुढं एका वर्षी शहराचं वारं बिघडलेलं. रोज भोंगे, रोज मिरवणुका, रोज कुणाच्या ना कुणाच्या देवाचा अपमान झाल्याची आवई. मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी त्याला तलावावर नेलं.

तिकडं तेव्हा विसर्जन कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचा गणपती देवळात कायमचा बसलेला. देव बुडवतात, हेच त्यांना अक्रीत.

मूर्ती प्लास्टरची, आतून पोकळ. दाबली की वर यायची. रहमत छातीएवढ्या पाण्यात, दोन्ही हातांनी दाबतोय. मी काठावर कोरडा, ड्यूटीला उशीर होतो म्हणून चिडलेला. ओरडलो — पायानं दाब!

"भाऊ, पैर नहीं लगाऊँगा. भगवान हैं."

देव माझा, आणि पाय लावायला नको म्हणतोय तो! मी म्हणालो, "पूजा हो गई, भगवान निकल गया उसमें से. दाब म्हणतो ना, मियाँ, आम्हाला शिकवतो का?"

त्यानं आधी कान पकडले. मग पाय ठेवला.

पलीकडच्या काठावरच्यांनी पाहिलं ते एवढंच. "गणेशजी को लात मार रहा है!" बघता बघता गर्दी झाली. केसाला धरून त्याला बाहेर ओढला. तो माझ्याकडं बोट दाखवत होता — "इनकी मूर्ति है, इनसे पूछो." सगळे माझ्याकडं वळले.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो, की मी घाबरलो आणि गप्प राहिलो. घाबरलेल्याला लोक माफ करतात — नाही का? पण मी गप्प कुठं होतो? मी म्हणालो, "घर से चुराके लाया है." आणि पहिली चपराक मी मारली. कानाखाली, सगळं बळ लावून. मग बाकीचे तुटून पडले. तो कान त्याचा कायमचा गेला.

धर्माच्या भावना दुखावल्या म्हणून केस झाली. चोरीचं मी जोडून दिलं. तो आत गेला, नोकरी गेली, क्वार्टर गेलं. त्याची बायको भांडीकुंडी टांग्यात भरत होती, तेव्हा मी दार लावून घेतलं.

हिरा विचारायची, "अहो, तुम्ही सांगितलंत ना, मूर्ती आपणच दिली म्हणून?" मी म्हणायचो, "शपथेवर सांगितलं. ऐकतंय कोण?" ती देव्हाऱ्यापुढं हात जोडायची — माझ्या माणसानं एवढा धीर केला म्हणून. शेवटच्या दिवसापर्यंत ती मला भला समजत होती. मी समजू दिलं.

सुटल्यावर रहमत एकदा स्टेशनात आला. वाळला होता. म्हणाला, "भाऊ, साहब को एक बार सच बोल दो. नौकरी मिल जाएगी." साहेबाचं ऑफिस समोरच होतं. गर्दी नव्हती, कुणी बघत नव्हतं.

मी पोलिसाला हाक मारली. म्हणालो, हा माणूस त्रास देतोय. दंडुक्यानं ढोसत त्याला बाहेर काढला, आणि मी चहा पीत उभा होतो.

तेव्हा मला कसलीच भीती वाटत नव्हती.