दुसऱ्या खेपेचा हिरवा दिवा

ऑफिसात सगळे त्यांना आजोबा म्हणत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, नातवंडांचा अजून पत्ता नाही. पण कुलूप दोनदा ओढून पाहिल्याशिवाय त्यांचा पाय जिन्यावर पडत नसे, म्हणून आजोबा.

गिऱ्हाइकांच्या ॲप्लिकेशनसाठी सर्व्हर मांडून द्यायचे, हे त्यांचं काम. प्रोग्रामर मंडळींनी काही बदल केला की सर्व्हर तो आपणहून उचलतो, नेमून दिलेल्या चाचण्या घेतो, सगळ्या पास झाल्या तर हिरवा दिवा दाखवतो आणि बदल गिऱ्हाइकाकडे चालूही करतो. मध्ये माणसाचा हात लागत नाही. नवा सर्व्हर लावला की लेकराला पहिल्यांदा शाळेत सोडलेल्या बापासारखे आजोबा बराच वेळ तिथेच घुटमळत.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं काम त्यांच्याकडे आलं. नर्सने पेशंटचं नाव उघडायचं, वजनाप्रमाणे औषध किती द्यायचं ते पडद्यावर दिसायचं. सगळं सुरळीत होतं. फक्त एक चाचणी अधूनमधून नापास होऊन बदल अडवून धरायची, आणि पुन्हा घेतली की पास.

"रुसूबाई आहे ती, आजोबा," शेजारच्या टेबलावरची प्रोग्रामर म्हणाली. "पुन्हा विचारलं की हसते."

साहेबांना हॉस्पिटलचे फोनवर फोन येत होते. "एका रुसूबाईपायी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं का? करा काहीतरी."

मग आजोबांनी त्या धंद्यात बहुतेक जण करतात तेच केलं. चाचणी नापास झाली तर पुन्हा घ्यायची, आणि दुसऱ्या खेपेला पास झाली तर पास धरायची, असं सर्व्हरला शिकवलं. ती का रुसते ते सवडीने बघू म्हणाले. सवड काही मिळाली नाही. दिवा मात्र रोज हिरवा.

त्यांची लेक त्याच हॉस्पिटलात नर्स होती. वॉर्डात ती सगळ्यांना सांगे, "हे माझ्या बाबांनी केलंय." आजोबा संकोचून म्हणत, "मी नुसतं पान मांडलं गं. स्वयंपाक दुसऱ्यांचा."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी ती चहा घेत होती.

"बाबा, तुमचं ते ॲप्लिकेशन लहरी आहे हं. काल एका बारीकशा बाईंना पैलवानाचा डोस दाखवत होतं. बंद करून उघडलं, तर बरोबर."

"मग?"

"मग काय, बरोबर तोच दिला. आता आम्ही सगळ्याच शिकलोय. विचित्र वाटलं की पुन्हा उघडायचं."

"बापावर गेलंय," तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एकदा ओढून कुठे भागतं त्याचं?"

तिघंही हसली. लेक चपला घालून गेली.

दुपारचा चहा झाल्यावर कप विसळता विसळता आजोबांचा हात थांबला. पुन्हा उघडलं की बरोबर. सर्व्हरला त्यांनी हेच तर शिकवलं होतं.

नळ तसाच सोडून ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि ती चाचणी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. दोन नर्सनी एकाच क्षणी दोन पेशंट उघडले, तर ज्याचं वजन त्यालाच लागतं का, एवढंच ती विचारत होती. कधी कधी लागत नव्हतं. एकाचं वजन दुसऱ्याला जात होतं. रुसूबाई कधी रुसलीच नव्हती. ती खरं सांगत होती, आणि तिला गप्प बसवलं होतं त्यांनी.

पैलवानाचा डोस लेकीच्या डोळ्यांत भरला. पण फरक थोडाच असेल, विचित्र वाटण्याइतका नसेल, तर?

त्यांनी हॉस्पिटलकडचं ॲप्लिकेशन बंद करून टाकलं. साहेबांचा लगेच फोन आला. "अहो, विचारायचं तरी..."

"नंतर बोलतो," म्हणून आजोबांनी तो कापला. ड्यूटीवर नर्सचे मोबाइल कपाटात असत. त्यांनी वॉर्डातल्या टेबलावरचा फोन लावला. बराच वेळ कोणी उचलेना. आई नळ बंद करून दारात येऊन उभी राहिली.

"बाबा? बरं झालं तुम्हीच केलात. आत्ताच बंद पडलंय बघा."

"मी बंद केलं. ऐक, बाळा. त्याच्यावरचा आकडा धरू नकोस. एकाचं वजन दुसऱ्याला जातंय."

पलीकडे कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला.

"दुपारची औषधं देऊन झाली, बाबा," ती हळू म्हणाली. "आम्ही दोघी होतो. मी या बाजूने, ती त्या बाजूने. पटपट उरकलं."

"विचित्र वाटलं होतं का काही?"

"नाही. काहीच नाही." मग म्हणाली, "फोन ठेवू नका. डॉक्टरांना बोलावते, एकेकाला बघून येते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. आजोबा कान लावून बसले. लेकीची पावलं लांब गेली. ती कुणाला तरी नेहमीच्या लाडिक सुरात उठवत होती. "काका, उठा बरं. हं, झोपा आता." पावलं पुढे सरकली. "मावशी." मग थोडं थांबून, "मावशी, डोळे उघडा."

तिसऱ्यांदा तिने हाक मारली तेव्हा आवाज चढला होता, आणि वॉर्डात कुणीतरी धावू लागलं होतं.