आमचे मूळपुरुष

माझी बदली बस्तरला होता होता राहिली, ती एका माकडामुळे.

मध्य भारत हे राज्य विसर्जित होऊन नवा मध्य प्रदेश झाला, त्या दिवाळीतली गोष्ट. राजधानी भोपाळला गेली आणि लष्करातले (हे ग्वाल्हेरमधल्या आमच्या वस्तीचं नाव, लढाई आमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही) सगळे सरकारी नोकर नव्या यादीत आपला नंबर शोधू लागले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो. यादी करायला आलेल्या साहेबांकडे बस्तरच्या तीन जागा रिकाम्या होत्या, आणि माझी बायको सुमन सातव्या महिन्यात होती.

"साहेबांना फराळाला बोलावलंय," अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं. ते दरबारात कारकून होते. दरबार गेला, पण पाहुण्याला फराळाशिवाय सोडणं त्यांना अजून राजद्रोह वाटे.

"नाव काय त्यांचं?"

"काझी. आजोबा मोठे मौलवी होते म्हणे."

मी भिंतीकडे पाहिलं. बैठकीच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला उत्क्रांतीचा तक्ता होता, मैद्याच्या खळीनं कायमचा चिकटवलेला. डावीकडे माकड, मध्ये तीन वाकलेले, उजवीकडे ताठ माणूस. इस्लाम आणि उत्क्रांती या विषयावर मी अर्धं पुस्तक वाचलं होतं, त्यामुळे मला सगळंच ठाऊक होतं. मौलवींच्या नातवाला माकड दिसलं, की बस्तर.

"खरवडू का?"

"भिंत हातात येईल," सुमन म्हणाली. "आतले फोटो आणा आणि झाका."

पणजोबा, आजोबा, अप्पा आणि दसऱ्याच्या दरबारात भाड्याची पगडी घातलेला मी, असे चार फोटो होते. (मी दरबारी थाटाची टर उडवत असे, पण फोटो चांगला आला होता.) आकृत्या पाच! उरलेल्या माकडावर, मी शोधून आणलेलं कॅलेंडर सुमननं टांगलं. अप्पा आंघोळीला गेले होते. त्यांना सांगायचं राहिलं.

साहेब आले. चकली खाल्ली, अनारशाची चौकशी केली. मग अप्पा उठले. खानदान ऐकवल्याशिवाय ते कुणाला चहा देत नसत. डोळे साहेबांकडे ठेवून त्यांनी सवयीनं रांगेच्या डाव्या टोकाला, पहिला पूर्वज म्हणून, छडी ठोकली. कॅलेंडर खाली पडलं.

"ये हमारे मूलपुरुष," अप्पा म्हणाले. "दक्खन से पैदल आए थे."

साहेब माकडाकडे पाहत राहिले. मग एकेक करत माझ्या पगडीपर्यंत आले. मला बस्तरची जंगलं दिसू लागली.

"साहब, शजरे बहुत देखे," साहेब अप्पांना म्हणाले. (शजरा म्हणजे वंशावळ.) "सब राजा से शुरू होते हैं. ईमानदार शजरा पहली बार देखा."

अप्पांनी चष्मा लावला आणि मटकन खाली बसले.

"साहब, आपके यहाँ तो आदमी मिट्टी से..." मी चाचरलो.

"दादाजान आपसे खूब लड़ते," साहेब हसले. मग म्हणाले, माणसाचं शरीर कुठून आलं यावर त्यांच्यातही वाद आहेत. काही जुन्या विद्वानांनी दगड, झाड, जनावर, माणूस अशा पायऱ्या केव्हाच लिहिल्या, आणि माकडाला माणसाच्या जवळ बसवलं. ते स्वतः माझा तक्ता सगळा मानत नव्हते. "मगर फ़ितरत, यानी असली स्वभाव, तो साफ़ ही मिलती है, पैदाइशी. बिगाड़ बाद का है. सबसे पहले खानदान किसने जताया, मालूम है? इब्लीस ने, शैतान ने. पहले इंसान के आगे झुका नहीं, बोला, मैं आग से बना, ये मिट्टी से! बस, वहीं मारा गया."

हे त्यांनी माझ्या पगडीकडे पाहत सांगितलं.

निघताना दारात थांबले. "मास्टर साहब, जो अपने बाप-दादा को बंदर की क़तार में टाँगे, वो बच्चों से क्या झूठ बोलेगा. आप यहीं रहिए."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

हुकूम आला: ग्वाल्हेरच. सुमननं उंबऱ्यात बसून इतका लांब श्वास सोडला, की मला वाटलं बाळंतपण आजच होतंय. अप्पा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सगळ्या प्रकरणात माकडाचा राग आला तो त्यांना एकट्यांना.

फोटो अजून तसेच आहेत. परवा आमच्या लेकीनं भिंतीकडे बोट केलं. "आई, यातले आपले कोण?"

"सगळेच," सुमन म्हणाली. "पण बाबांची नोकरी वाचवली ती त्या डावीकडच्यांनी. उजवीकडचे तेव्हा त्यांना लपवायला कॅलेंडर शोधत होते."