तात्यांनी शाळेबाहेर ठेवलेला मारुती

रखमाजी तात्या वीणा गळ्यात घालून डोळे मिटायचे, तेव्हा भोकरदनला जाणारी पहिली एसटी शेजारून गेली तरी त्यांना पत्ता नसायचा. आमच्या गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहिला मान तात्यांचा, त्यांच्याआधी त्यांच्या वडलांचा. पहाटेच्या धुक्यात ते उभे दिसले की वाटायचं, यांचे पाय जमिनीला लागलेलेच नाहीत. आम्ही महानुभाव, कृष्णाशिवाय कुणापुढे हात न जोडणारे. तरी मी लांब ओट्यावर बसून त्यांना बघत राहायची.

१९८६ साली मी दुसरीत होते. शनिवारी सकाळची शाळा. तात्या मारुतीचा प्रसाद, गूळ-खोबरं, घेऊन यायचे आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. आमच्या घरात दुसऱ्या देवाचा प्रसाद खात नाहीत. तात्यांना नको म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खाल्ला तर आईची धास्ती. मग दर शनिवारी माझं पोट दुखू लागलं. माझ्या रिकाम्या जागेकडे मास्तरांचं लक्ष गेलं नाही, तात्यांचं गेलं. ते घरी विचारायला आले आणि आईनं खरं ते सांगून टाकलं. तात्या पुढ्यातला चहा तसाच ठेवून ओसरीवरून उठले. त्यानंतर ते प्रसाद घेऊन शाळेत कधी आले नाहीत.

पुढच्या वर्षी सप्ताहाच्या मंडळींनी ठरवलं, शाळेच्या पहिल्या खोलीत मारुती बसवायचा आणि पोरांनी रोज त्याच्यापुढे हरिपाठ म्हणायचा. शाळेची जागा तात्यांच्या वडलांनी दिलेली, म्हणून तात्यांचा होकार हवा होता. ते हरखून जातील, अशी सगळ्यांची खात्री. खुळेच होते सगळे!

भर बैठकीत तात्या म्हणाले, "मारुतीला देऊळ हाये. तिथं मी मरेस्तोवर नाव घेईन. शाळेत न्हाई. माझ्या प्रसादापायी एक लेकरू शाळा चुकवून राह्यलं होतं, अन्‌ मी आपला पुण्य लागतंय म्हणून खुशीत होतो."

सप्ताहाचे पुढारी भुजंगराव भडकले. देवाला अडवणाऱ्याच्या गळ्यात देवाची वीणा पडणार नाही, असं त्यांनी बजावलं. तात्यांनी मान हलवून तेही मान्य केलं. मारुती देवळातच राहिला, आणि त्या साली वीणेचा पहिला मान भुजंगरावांच्या भावानं घेतला. मला भुजंगरावांचा आजही राग येतो.

तात्या मात्र दर सप्ताहाला यायचे. मागच्या खांबापाशी डोळे मिटून उभे राहायचे, आणि हात आपोआप छातीशी जायचा, तिथं नसलेल्या तारेवर बोटं हलायची. अशी बारा वर्षं गेली. मी शिक्षिका होऊन गावी आले, तेव्हा एका पहाटे धीर करून त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, वाईट वाटतं का.

"लई वाटतं, पोरी," डोळे न उघडता ते म्हणाले. "पण उद्या फिरून इचारलं, तरी न्हाईच म्हणीन."