ती गरीब गाय नव्हती

तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ती शिकणाऱ्याच्या शेजारी बसायची. पाय जादा ब्रेकवर आणि तोंडाचा पट्टा सदा सुरू. "मॅडम, क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे?" असं तिनं एका प्राध्यापकीण बाईंनाही सुनावलं होतं. बायका रडकुंडीला यायच्या, पण लायसन मिळवायच्या आणि मग आपल्या जावेलाही तिच्याकडेच धाडायच्या.

ठरलेलं लग्न तिनं त्या माणसाच्या तोंडावर मोडलं, म्हणून त्यानं तिचा जीव घेतला. खटला टीव्हीवर भलताच गाजला. आरोपीचा वकील म्हणाला, तिच्या जिभेनंच त्याचं डोकं फिरलं. मग घाबरून आईनं साक्षीत सांगितलं, "माझी पोर म्हणजे गरीब गाय. कधी कुणाला उलट बोलली नाही." त्याला जन्मठेप झाली. आईला मात्र घरी घास गिळवेना. त्यानं पोर मारली, आणि तिची उरलीसुरली आठवण आपण पुसली, हे तिला सारखं खात होतं.

वर्षानं स्कूलच्या ऑफिसात तोफेचा फोटो लावायचं ठरलं. चॅनेलवालेही आले. फोटो तोच, बातम्यांतला. मान खाली, नजर जमिनीवर. खाली लिहिलेलं, 'शांत, सोशिक'. प्रत्यक्षात तेव्हा ती सँडलचा तुटलेला पट्टा बघत शिव्या घालत होती.

आई उठली तसा थोरला मुलगा कुजबुजला, "आई, त्याचं अपील अजून बाकी आहे. गप्प बस."

"तुझ्या बहिणीला जन्मभर हेच सांगितलं मी. ऐकलं का तिनं?"

तिनं पिशवीतून दुसरा फोटो काढला. त्यात तोफ खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ट्रकवाल्यावर ओरडत होती.

"साक्षीत मी खोटं बोलले," आई कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "पोर तोंडाळ होती माझी. मलाही सोडायची नाही. म्हणून काय मारायचं तिला? उलट बोलणाऱ्या मुलीलाही जगायचं असतं!"

मग प्राध्यापकीण बाई उभ्या राहिल्या. "मला गाढव म्हणाली होती," त्या ऐटीत म्हणाल्या. मागून दुसरी म्हणाली, "मला तर भर चौकात उतरवलं होतं!" बघता बघता सगळ्या तिच्याकडून खाल्लेली बोलणी सांगू लागल्या.

"आता यांनाही कोर्टात ओढतील," मुलगा म्हणाला.

"ओढू देत," आई दुसऱ्या फोटोसाठी खिळा ठोकत म्हणाली. "या वेळी तिचं बोलणं ऐकू दे त्यांना."