स्वयंपाकघरातल्या भिंतीचे सूर

आमचे हे चित्रकार. राजेश्वर गावच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, आता रिटायर होऊन दिवसभर घरात. रंग कालवताना मांडीशी बाजाची पेटी लागते. एक पट्टी दाबून धरायची, ती गुणगुणायची आणि निळ्यात पांढरा घालत राहायचं. "अजून चढा लागायलाय," म्हणायचे. कोण, तर निळा. असल्या माणसासंगं पस्तीस वर्षं काढलीत मी.

रंग सुरात लागला की त्याचा ठिपका माझ्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या भिंतीवर. उजेड म्हणे तिथंच खरा. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत एक रांग, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. आल्यागेल्यानं विचारावं, भिंतीला काय झालंय? काय सांगू, कपाळ माझं?

यंदा लेकीचं लग्न ठरलं. "अप्पा, सासरी न्यायला मला मंठाळच्या आपल्या शेताचं चित्र द्या," एवढंच तिनं मागितलं. चित्र अर्ध्यावर आलं. हे दोन दिवस बीदरला गेले, तेवढ्यात मी सगळं घर पांढरं करून घेतलं. ती भिंतसुद्धा. लग्नघर हाय, लोक काय म्हणतील?

परत आले, भिंत बघितली आणि खाली बसले. ओरडले असते तर परवडलं असतं. "त्या रांगा बघूनच मी रंग जुळवायचो. आता कशावरनं जुळवू?" म्हणाले. मग चार दिवस ब्रशला हात न्हाई. लेक माझ्याशी बोलेना. हळद चार दिवसांवर आली.

शेवटी माझंच डोकं फिरलं. भाकरी थापता थापता मी म्हणाले, "अवो, गप कामून बसलाव? रंग घ्या. पहिला ठिपका ओल्या काळ्या मातीचा. दुसरा तुरीच्या डाळीहून जरा मळका." तिसऱ्याला शब्द सापडेना, म्हणून तो लावताना हे जे गुणगुणायचे तेच गुणगुणले. मग चौथा. रोज त्याच भिंतीकडं तोंड करून भाकरी केल्यात मी, विसरायला जागाच कुठं होती? माझा मलाच राग आला.

हे पेटी आणि रंग घेऊन आले, आणि माझ्या कोऱ्या भिंतीवरच सुरू झाले. मी कपाळावर हात मारून घेतला. चार ठिपके झाले. पाचवा लावला तशी मी परातीतनं मान वर केली.

"हा उतरलाय," मी म्हणाले.

त्यांनी पट्टी दाबली, ठिपक्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं तो पुसून पुन्हा लावला.