रिकाम्या गिरणीचा आवाज

गिरणीवालीला प्रश्न फार पडत. माहेरी असताना तिने घराचं कुलूप खोलून पाहिलं होतं. का, तर किल्ली फिरवल्यावर आत नेमकं कोण हलतं ते तिला बघायचं होतं. कुलूप काही पुन्हा जुळलं नाही, आणि वडिलांनी कितीतरी दिवस दाराला सुतळी बांधली. अशी पोरगी लग्न होऊन आली ती थेट पिठाच्या गिरणीत. नवरा हळूहळू आवडला, गिरणी मात्र पहिल्या दिवशीच.

गिरणी म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, आणि मागे घर. मधल्या दाराला पडदा. पडद्याच्या अलीकडे सगळं पांढरं, भिंती, वजनकाटा, कोळ्याची जाळी आणि कामाला बसल्या की सासूबाईंच्या पापण्याही. त्यांनी सगळी उमर ही गिरणी चालवली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी मोटरचा खटका सुनेच्या हाती दिला, लक्ष मात्र काढून घेतलं नाही. आत भाजी निवडता निवडता हुकूम सुटायचे.

"पट्टा सैल पडलाय. बघ."

"आई, तुम्हाला आतून कसं कळलं?"

"फरशी सांगते. चप्पल काढून उभी राहा, तुलाही सांगेल."

सुनेने चप्पल काढली. खरंच, पट्टा सैल असला की फरशी वेगळी थरथरायची, दगड बोथट झाले की वेगळी. त्या दिवसापासून ती गिरणीत अनवाणीच उभी राहायला लागली.

पुढे दिवस गेले. पाचव्या महिन्यात एकदा दळण चालू असताना तिला काहीतरी फडफडल्यासारखं वाटलं. तिने आधी पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा ठीक होता. मग खटका बंद केला. गिरणी थांबली, पण फडफड काही थांबेना. समोर डबा घेऊन उभ्या असलेल्या काकूंना ती म्हणाली, "अहो, हे गिरणीतलं नाही. माझ्यातलंच आहे."

काकूंनी डबा खाली ठेवला आणि तिच्या गालावरचं पीठ पुसलं. तेव्हापासून गिऱ्हाइकांनी आपले डबे आपणच उचलून गिरणीच्या तोंडात ओतायचे, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं.

दवाखान्यातल्या सिस्टर तशा कडक, पण हिच्या प्रश्नांपुढे त्यांचाही पारा उतरायचा.

"सिस्टर, ते आत झोपतं का?"

"झोपतं तर. पण थोडा थोडा वेळ."

"मग त्याला उठवतं कोण?"

"ते बाहेर आलं की त्यालाच विचारा. आता माझं ऐका. शेजारणीचं बाळ किती हलतं ते मला सांगू नका, तुमचं कसं हलतं ते ओळखा. कोणी सकाळी नाचतं, कोणी जेवणानंतर. त्याची जी रोजची रीत असेल ती मोडली, हलणं कमी झालं, तर तडक इकडे यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही."

रीत शोधायची म्हटल्यावर हिला हुरूप आला. ती शोधली मात्र विजेने.

एका दुपारी गिरणी भरात होती आणि वीज गेली. दगड फिरत फिरत थांबले, रांगेतल्या बायका हळहळल्या, आणि पोटात एकदम धुमश्चक्री. ढोपर कुठलं, टाच कुठली, काही कळेना. वीज आली, गिरणी सुरू झाली, बाळ गप्प. दुसऱ्या दिवशी हिने मुद्दाम मधेच खटका बंद केला. पुन्हा तेच. गिरणी फिरतेय तोवर बाळराजे निवांत, गिरणी थांबली की यांची पाळी.

"पाळण्यासारखं झालंय त्याला," काकू म्हणाल्या. "हलवायचं थांबवलं की कुरकुर."

"पण त्याला ऐकू येत असेल की फरशीसारखं जाणवत असेल?" गिरणीवालीने विचारलं. यावर रांगेत बरीच चर्चा झाली आणि एकीचं दळण राहून गेलं.

पुढेपुढे वीज गेली तरी कोणी हळहळेना. उलट बायका आत सरकायच्या, एकेक हात पोटावर यायचा. "हं, लाथ मारली बघ." "लाथ कसली, कोपर आहे ते." फक्त बाळाच्या बापाला हे सुख नव्हतं. तो टेम्पो चालवायचा, चार दिवस बाहेर असायचा. घरी आला की हात ठेवून बसायचा आणि बाळ त्याच क्षणी चिडीचूप.

"बापाला ओळखत नाही अजून," तो हिरमुसून म्हणायचा.

"ओळखतं म्हणूनच गप्प बसतं," सासूबाई म्हणायच्या. "तूही माझ्यापुढे कधी तोंड उघडलं नाहीस."

नववा महिना लागला आणि गिरणीची मोटर जळाली. धूर, वास, सगळं साग्रसंगीत. मिस्त्री मोटर खांद्यावर टाकून घेऊन गेला. त्या दिवशी बाळाने उच्छाद मांडला. गिरणीच नाही म्हटल्यावर त्याला वेळेचं बंधन राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पोटात सामसूम. हिने चहा घेतला. काही नाही. कुशीवर निजून पाहिलं. कुठेतरी एकदा उगीच हलल्यासारखं झालं, झोपेत कोणी पांघरूण ओढावं तसं.

"आई, आज बाळ गप्प आहे."

"गिरणी बंद, तर तोही सुट्टीवर," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी कोण बघत बसलं होतं गं? पोटात आहे म्हणजे आहे."

दळण परत न्यायला आलेल्या काकूंनी भर घातली, "शेवटी शेवटी जागाच उरत नाही, बाई. हलणार कुठे? गार सरबत पी."

सरबत झालं. हिच्या डोक्यात आपला वेगळाच हिशेब. बाळाला गिरणीची सवय. गिरणी फिरलीच नाही, तर थांबल्याचं त्याला कळणार कसं? मोटर आली की बघू. सिस्टरनी सांगितलेलं आठवत होतं, पण ही रीत बाळाने मोडली की मोटरने, ते आधी कळायला नको का?

दुपारी मिस्त्रीने मोटर बसवली आणि तो गेला. दुकानात कोणी नव्हतं. गिरणीवालीने चप्पल काढली आणि खटका दाबला.

गिरणीत दाणा नव्हता. रिकामी गिरणी फिरवायची नाही, दगडावर दगड घासतो, हे तिला या घरात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तरी तिने ती फिरू दिली. मग बंद केली. दोन्ही हात पोटावर ठेवून उभी राहिली.

काही नाही.

पुन्हा सुरू केली. बंद केली. फरशी थरथरायची थांबली, पट्टा लोंबकळला, आणि पोटात तशीच शांतता. तिने तिसऱ्यांदा खटका दाबला आणि हात पुन्हा पोटावर ठेवले.

पडदा सरकला. सासूबाई विळी टाकून गुडघ्यांसकट धावत आल्या होत्या, हातात अर्धी चिरलेली दोडकी. "डोकं फिरलंय का तुझं? रिकामी गिरणी चालवतेस? नवे दगड कुठून..."

सुनेचं तोंड बघून पुढचं वाक्य तसंच राहिलं. गिरणी घरघरत होती. सासूबाईंनी एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा खटक्याकडे. मग स्वतःच खटका बंद केला.

"किती वेळ झाला?"

"सकाळपासून."

"चल."

"आई, डबे उघडे आहेत, उंदीर..."

"खाऊ देत उंदरांना."

दोडकी वजनकाट्यावर राहिली. रिक्षात सासूबाईंनी तिच्या पोटावरचा हात उचलला नाही. दुसऱ्या हाताने रिक्षावाल्याची पाठ बडवत होत्या, "खड्डा चुकव रे, आणि हळू नको चालवूस."

दवाखान्यात सिस्टरनी तिला आडवं केलं. "कधीपासून गप्प आहे?"

"सकाळपासून. मी गिरणी चालू करून बघितली."

"काय करून?"

"चालू करून. मग बंद करून. मग परत."

सिस्टर हसल्या नाहीत. "सकाळीच यायचं होतं. गप्प बाळाला घरी उठवत बसायचं नाही, इथे आणायचं."

"जागा कमी पडते म्हणून हलत नाही म्हणे," सासूबाई पुटपुटल्या.

"कमी जागेतही हलतं, आजी. बाहेर येईपर्यंत हलायला हवं."

त्यांनी पोटावर पट्टा आवळला. गिरणीवालीची नजर सवयीने त्या पट्ट्यावरच गेली. मशीन खरखरलं, थांबलं. सिस्टरनी ते थोडं सरकवलं. सासूबाईंनी पलंगाची कड धरली. आणि मग आवाज आला. धपधप, धपधप, धावत सुटलेला. दूरच्या गल्लीत कोणाची तरी छोटी गिरणी भरात चालावी तसा.

"आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण मला हवं तसं नाही. डॉक्टरांना बोलावते."

डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली. बाळाभोवतीचं पाणी कमी झालं होतं. आणखी थांबायला नको, ऑपरेशन करू, म्हणाले. संध्याकाळ व्हायच्या आत मुलगी झाली. लहानखुरी, सुरकुतलेली, आवाज मात्र रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत पोचेल असा. बाप टेम्पो घेऊन पोचला तेव्हा ती झोपली होती. त्याने हात ठेवला, तर ती हलली.

"ओळखलं," तो म्हणाला. या वेळी सासूबाईंनी त्याला बोलू दिलं.

आता पाळणा गिरणीच्या मागच्या खोलीत आहे, पडद्याआड. सासूबाई पुन्हा पुढे येऊन बसायला लागल्यात, स्टुलावर. पोट दिसणारी कोणी बाई डबा घेऊन आली की वजन करायच्या आधी विचारतात, "हलतंय ना गं? रोजच्यासारखं?"

"आजी, आधी दळण घ्या हो."

"दळण कुठे पळतंय? मी काय विचारलं ते सांग आधी."

गिरणी चालू असली की पोरगी झोपते. वीज गेली की डोळे टक्क उघडतात, रडत नाही, नुसती बघते. गिरणीवाली पीठभरल्या हातांनी पाळण्यावर वाकते आणि विचारते, "आतून कसं वाटायचं गं तुला? ऐकू यायचं की जाणवायचं?" सिस्टरनी बाहेर आल्यावर विचारायला सांगितलं होतं, म्हणून ती विचारते.

पोरगी पडद्याच्या फटीतून थांबलेल्या पट्ट्याकडे बघत राहते, हा बंद का पडला, अशा चेहऱ्याने.